भीमथडी शिंगी घ्यायला गेलो आणि तिची आई शोधत वरंध घाटापर्यंत पोचलो, त्याचं पूर्ण प्रकरण

प्रकरण असं आहे. आमचा एक मित्र आहे, इंदापूर तालुक्यातला, डाळिंबाची बाग आणि थोडा ऊस, त्याला एक भीमथडी शिंगी, म्हणजे भीमथडी जातीच्या घोड्याचं मादी शिंगरू, घ्यायची होती. तयार घोडी नको, लहान वयाचीच हवी, कारण त्याची मुलगी अकरा वर्षांची, दोघी बरोबर वाढतील, तीन-चार वर्षांत शिंगी बसायला तयार होईल आणि पुढं तिच्यापासून एक-दोन चांगली शिंगरं घ्यायची, तीही भीमथडीच. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्याकडं दावणीला घोडी असतात म्हणून त्यानं मला बरोबर घेतलं आणि मी पण लगेच निघालो, भीमथडीचा विषय निघाला की मला घरी बसवत नाही.

थोडं जातीबद्दल सांगतो, नाहीतर पुढची चौकशी एवढी का केली ते कळणार नाही. भीमेच्या काठचा हा घोडा, लहान चणीचा, कणखर खुराचा, कमी दाणावैरणीवर निभावणारा. मराठ्यांच्या फौजा याच दमदार तट्टांवर दौडल्या. १८१८ ला पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, मोठ्या घरातनं हा घोडा गेला, पण धनगरांच्या बिऱ्हाडात राहिला. फलटण, बारामती, माण, खटाव, पारनेर या बाजूचे वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तळ, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतात, तेव्हा सगळा संसार याच घोड्यांच्या पाठीवर असतो, वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), भांडी, अंथरूण, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि कधीकधी लहान पोर सुद्धा. म्हणजे ही जात आज शिल्लक आहे ती वाड्यावरच्या बायामाणसांमुळं, हे मी कुठंही ठामपणे सांगेन. सरकारी नोंद व्हायला मात्र हे दशक उजाडावं लागलं, कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीला वेगळी जात म्हणून मान्यता दिली, मारवाडी, काठेवाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्करी, भुतिया यांच्यानंतर देशातली आठवी. आणि नोंद झाल्याबरोबर बाजारात भीमथडी नावाला भाव आला, तिथनं आमची गोष्ट सुरू होते.

दिवाळीच्या सुमाराला अकलूजचा घोडेबाजार भरतो. तिथं एका व्यापाऱ्याकडं एक कुम्मेद (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ) शिंगी उभी होती, कपाळावर चांद, मागचा डावा पाय पांढरा, डोळा शांत, अंगावर हात फिरवला तरी अंग चोरत नव्हती. मित्राची पोरगी तर तिथंच विरघळली. व्यापारी म्हणाला, "पाव्हणं, दोन वर्षाची हाय, अस्सल भीमथडी, आई-बाप दोन्ही वाड्यावरचं, आणि हे बघा सर्टिफिकेट." ६० हजार सांगितले.

सर्टिफिकेट म्हणजे लॅमिनेट केलेला कागद. त्याच्यावर जातीचं नाव, ब्युरोचं नाव, एक लांबलचक नोंदणी क्रमांक, वर घोड्याचा रंगीत फोटो. मित्र खूष झाला, कागद आहे म्हणल्यावर अजून काय पाहिजे. मी कागद घेऊन नीट वाचला. तो क्रमांक भीमथडी या जातीचा होता, जातीला मान्यता मिळते तेव्हा अख्ख्या जातीला मिळून एकच क्रमांक देतात. समोर उभ्या असलेल्या शिंगीबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं, फोटो पण दुसऱ्याच घोड्याचा. हे सगळ्यांनी समजून घ्यायला पाहिजे म्हणून सविस्तर लिहितोय. जात नोंदली गेली म्हणजे त्या जातीचं प्रत्येक जनावर नोंदलं गेलं असं होत नाही. मारवाडीत आता वंशावळीचं रजिस्टर, मायक्रोचिप, पासपोर्ट हे सगळं बऱ्यापैकी चालतं, भीमथडीत ती सवय अजून रुजलेली नाही, वाड्यावरच्या घोडीचा कागद निघतोच कुठं. म्हणून भीमथडीत कागद दाखवला की मी जास्त सावध होतो. व्यापारी मुद्दाम फसवत होता असंही मला वाटलं नाही, त्याला कुणीतरी तो कागद व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि त्यानं लॅमिनेट करून घेतला एवढंच.

मग दात बघितले. घोड्याचं वय दातात लिहिलेलं असतं आणि लहान वयात तर फार नेमकं. दुधाच्या पुढच्या दातांची मधली जोडी जन्मल्यावर आठवड्याभरात येते, शेजारची दीड महिन्याच्या आसपास आणि कडेची सहा ते नऊ महिन्यांत. दोन वर्षाच्या जनावराचे हे सगळे दात एकमेकांवर घासून सपाट व्हायला लागलेले असतात, अडीचला मधली जोडी पडून कायमची येते, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. या शिंगीच्या कडेच्या दातांची कड अजून धारदार होती, वरचा-खालचा दात नुकता कुठं टेकायला लागलेला. मी म्हणलं ही दोन वर्षाची नाही, सव्वा-दीड वर्षाच्या मधली आहे. आता कुणी म्हणेल वय कमी निघालं तर चांगलंच की. पण तसं नाही. दोन वर्षाची म्हणून घेतली की माणूस सहा-आठ महिन्यांत खोगीर टाकायला बघतो, आणि तेव्हा ती खरी दोनचीच असते. घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यावरचं वाढीचं हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत भरत असतं, पाठीचा कणा तर पाच वर्षं उलटली तरी पुरता पक्का झालेला नसतो. लवकर बसलेली जनावरं दहाव्या वर्षी लंगडतात आणि मग मालक म्हणतो जातच कच्ची. जात कच्ची नसते ओ, घाई वाईट.

दुसरी गोष्ट जी मला खटकली ती मागच्या उजव्या पायावर, मांडी पोटाला भिडते तिथं सांध्याच्या अंगाला तीन गोल डाग. रुपयाएवढे, केस न उगवलेले, कातडी चकचकीत. तापलेल्या लोखंडाचा डाग. आपल्याकडं जनावर लंगडलं, सांधा धरला, पोट दुखलं की डाग देणारे अजून आहेत, त्यानं बरं होतं का हा वेगळा विषय, पण घेणाऱ्यासाठी डाग म्हणजे आधी इथं काहीतरी झालेलं होतं याची खूण. आणि नेमक्या या सांध्यात घोड्याच्या मागच्या गुडघ्याची वाटी अडकण्याचा प्रकार असतो, पाय मागं ताठ राहतो, ओढत चालतो, मग एकदम झटक्यात सुटतो. तो ठेवणीतनं येत असेल, म्हणजे मागचे पाय जन्मताच फार सरळ असतील तर पुढच्या शिंगरातही येऊ शकतो. व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तसाच हाय डाग, लहानपणीचा, काय न्हाय त्यात." त्याला खरंच माहिती नसणार, त्याच्याकडं ती येऊन फार दिवस झालेले नव्हते.

तिसरं कान. टोकं वरच्या बाजूला आत झुकलेली. मारवाडी-काठेवाडीत जशी कमान होते तेवढी नाही पण भीमथडीत जसा साधा सरळ कान बघायची सवय आहे तसाही नाही. नुसत्या कानावरनं रक्त ठरवता येत नाही हे मान्य, तरी मनात पाल चुकचुकली.

अंगावरचे केसांचे भोवरे बघून शुभ-अशुभ सांगणारे पण तिथं दोघं-तिघं जमले होते, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे, खोड नाही, घ्या बिनधास्त. मी शुभ-अशुभासाठी भोवऱ्याकडं बघत नाही, पण त्यांचे फोटो मात्र काढून घेतो, कपाळ, मान, गळा, छाती, दोन्ही बगला, कारण भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही. पट्टा-दोरी बदलेल, केस कापतील, उन्हानं रंग फिका पडेल, भोवरा तिथंच. ओळख पटवायला यापेक्षा स्वस्त काही नाही आणि पुढं आम्हाला त्याचाच उपयोग झाला.

मित्राला बाजूला घेऊन सांगितलं, शिंगी चांगली आहे, पण आज घ्यायची नाही. दोन प्रश्नांची उत्तरं पाहिजेत, डाग कशाचा आणि बाप कोण, आणि दोन्ही उत्तरं या बाजारात कुणाकडंच नाहीत, ती हिची आई ज्या वाड्यावर आहे तिथं आहेत. व्यापाऱ्याला दोन हजार विसार दिला, घेतली नाही तर परत करायचा असं चार माणसांसमोर ठरवलं आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून तिचं रक्त घ्यायला लावलं.

रक्ताचं सांगतो कारण लोक हे टाळतात. ग्लँडर्स. घोडा, गाढव, खेचर यांना होणारा जीवाणूंचा रोग, माणसालाही होतो, लस नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर २००९ च्या प्राण्यांतल्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याखाली जनावर वेदना न देता मारावंच लागतं, दुसरा मार्ग नाही, त्या भागातल्या घोड्यांची ने-आण बंद होते आणि आजूबाजूच्या सगळ्या घोड्या-गाढवांची तपासणी लागते. शेवटची खात्री हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र करतं. बाजारातनं आणलेलं जनावर नाकातनं स्वच्छ दिसतंय, खातंय पितंय म्हणून थेट घरच्या दावणीत नेऊन बांधणं हे मला अजिबात पटत नाही, आधी रिपोर्ट आणि रिपोर्ट चांगला आला तरी तीन-चार आठवडे वेगळं बांधायचं, पाण्याची बादली सुद्धा वेगळी. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पण बघून घ्यावा, चावऱ्या माशांनी पसरतो, जनावर हळूहळू वाळत जातं आणि लोक जंताचं औषध देत बसतात. आणि डॉक्टर आलेच आहेत तर धनुर्वाताच्या लसीचं विचारा, घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं जनावर दुसरं नाही आणि दावणीला खिळा, तार, काटा काही ना काही लागतंच.

आता वाडा शोधायचा. व्यापारी गावाचं नाव सांगेना, धंद्याचं गुपित, ते मी समजू शकतो. पण ज्या टेम्पोतनं शिंगी बाजारात आली त्याचा ड्रायव्हर तिथंच चहा पीत बसलेला, त्यानं सहज सांगितलं की नीरेच्या पुढं रस्त्याकडंच्या तळावरनं भरली होती, वाडा भोरकडं निघालेला. वाडा एका जागी थांबत नाही, ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची बोली झाली तिथं दोन-चार रात्री आणि पुढं. आम्ही नीरा, शिरवळ, भोर असं विचारत गेलो, पेट्रोल पंपावर, चहाच्या टपरीवर, रस्त्यात भेटलेल्या दुसऱ्या वाड्यांना, आणि भोरच्या पुढं वरंध घाटाच्या अलीकडं एका कापणी झालेल्या भाताच्या खाचरात तळ सापडला.

बाप्ये मेंढरामागं गेले होते. तळावर बाया, पोरं, कुत्री आणि पायबंद घातलेली घोडी चरत होती. घोड्यांचं सगळं बघणारी एक साठीची मावशी होती, हे इकडं बहुतेक वाड्यावर असंच असतं, मेंढरं बाप्यांकडं आणि घोडी, ओझं, बिऱ्हाड बायांकडं, त्यामुळं घोडीची माहिती विचारायची तर बाईलाच विचारायची. फोनवर फोटो दाखवला तर मावशी कपाळ बघायच्या आधी गळ्याचा भोवरा बघून म्हणाली, "ही आमची चांदणी. कुठं बघितली तुमी हिला? खातीया का नीट?"

मग आम्ही खाली बसलो आणि चहा आला. मावशीला जे विचारलं ते सगळं तिनं न अडखळता सांगितलं. चांदणी गेल्या सालच्या आखाडातली, वाडा गावाकडं असताना जन्मली, म्हणजे दाताचा हिशोब बरोबर बसला, सोळा महिने. डाग कशाचा? त्याच साली कोकणात उतरताना शिंगरू आईमागं चालत होतं, घाटातल्या वळणावर डांबराच्या कडेवरनं घसरलं, पाय फाकला, चार दिवस पाय टेकवत नव्हतं, मग महाडच्या अंगाला एका वैदूकडनं डाग दिला, पंधरा दिवसात पळायला लागलं. आई तिथंच होती, काजळी नावाची गर्द कुम्मेद घोडी, तिला मी चालवून बघितली, मागं सरकवली, लहान गोलात दोन्ही बाजूंनी फिरवली. वाटी अडकत असेल तर मागं सरकवताना आणि आखूड वळणावर कळतं. काजळी एकदम मोकळी, मागच्या पायाची ठेवण झकास, खूर काळे आणि इतके टणक की नाल न मारता ती घाट चढते-उतरते. तिच्या पाठीवर ओझं चढवताना पण बघायला मिळालं, दोन बायांनी दोन बाजूंनी गोण्या तोलून टाकल्या, वर अंथरूण, त्याच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, शेवटी दोरी पोटाखालनं घेऊन पाय लावून आवळली आणि एवढ्या वेळात घोडीनं एकदाही कान मागं टाकले नाहीत. असली आई स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की शिंगरू स्वभावाला कसं निघेल त्याचा अंदाज येतो, हे कुठल्याच सर्टिफिकेटवर येणार नाही.

आणि मग बाप. मावशीनं जराही लपवलं नाही. वाड्यावरचा घोडा त्या साली सर्पदंशानं गेलेला, म्हणून काजळी माजावर आली तेव्हा गावातल्या वरातीवाल्याचा काठेवाडी घोडा दाखवला. "आमाला काय, शिंगरू झाल्याशी मतलब. बाप उंच होता, पोरगीबी उंच व्हनार." कानाचा उलगडा झाला.

म्हणजे ज्या पायाची आम्हाला भीती होती तो पाय साफ निघाला आणि ज्या रक्ताची खात्री व्यापारी देत होता ते अर्धं बाहेरचं निघालं. मित्राचं तोंड उतरलं. तो म्हणाला, दिसायला तर भीमथडीच दिसते, घेऊन टाकू, कुणाला कळणार आहे. मी त्याच्याशी परतीच्या वाटेवर चांगलाच भांडलो. नुसती पोरीला बसायला पाहिजे असती तर मीच म्हणलो असतो डोळे झाकून घे, फक्त भाव अस्सल भीमथडीचा देऊ नको. पण तुला तिच्यापासून शिंगरं घ्यायची आहेत आणि ती भीमथडी म्हणून ओळखली जावीत असं तूच म्हणतोस. आधीच या जातीची घोडी कमी होत चालली आहेत, वाडे टेम्पोनं बिऱ्हाड हलवायला लागलेत, घोडा कमी लागतो, त्यात बाजारात उंचीला पैसे मिळतात म्हणून प्रत्येक जण मारवाडी-काठेवाडी घोडा दाखवतोय. आज नोंद झाली म्हणून आनंद करायचा आणि तिकडं कुणाला कळणार आहे म्हणत मिश्र शिंगरं भीमथडीच्या नावानं विकायची, अशानं दहा-पंधरा वर्षांत नाव राहील आणि घोडा जाईल. मिश्र घोडा वाईट नसतो, त्याला मिश्र म्हणा एवढंच म्हणणं आहे. शेवटी त्याला पटलं, का माझ्या आवाजाला दमला देव जाणे, पण चांदणी घ्यायची नाही हे नक्की झालं.

ग्लँडर्सचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो व्यापाऱ्याला दिला, वय किती, डाग कशाचा आणि बाप कोण तेही सांगितलं. तो आधी जरा चिडला, मग म्हणाला डागाचं कळलं हे बरं झालं, गिऱ्हाईक तिथंच अडत होतं. विसार परत केला. पुढं चांदणी बार्शीकडं एका शेतकऱ्यानं घेतली असं कानावर आलं, कितीला ते माहिती नाही.

इकडं आम्ही परत तळावर गेलो, तोपर्यंत वाडा घाट उतरून खाली गेलेला. काजळी गाभण होती. श्रावणात फळली होती आणि या खेपेला घोडा पाव्हण्यांच्या वाड्यावरचा, मावशीच्या माहेरचा, तो घोडा आणि त्याची आई अशा दोन्ही पिढ्या तिला तोंडपाठ. मित्राच्या डोक्यात आलं की सरळ काजळीच विकत घ्यावी, चांगले पैसे द्यायची तयारी होती. इथं मात्र मी मधे पडलो. वाड्यावरची चांगली घोडी हौशी माणसानं उचलून नेली की त्या वाड्याचं बीज जातं, वर्षभर दावणीला उभी राहून तिचे खूर मऊ पडतात आणि घाटात ओझं वाहणारी म्हणून जी निवड पिढ्यान् पिढ्या होत आली ती थांबते. शिंगरू घ्या, आई तिथंच राहू द्या. मावशीनं पण स्पष्ट सांगितलं, काजळी इकायची न्हाय.

मग बोली झाली. बोलीच्या आधी मावशीनंच उलट आमची चौकशी केली, दावण कुठं, सावली आहे का, चारा विकतचा का घरचा, वरातीत नाचवणार का, नाचवणार असाल तर देत नाही. मित्राची पोरगी म्हणाली मी रोज खरारा करीन, त्यावर मावशी पहिल्यांदा हसली.

जे ठरलं ते मावशीच्या मुलाच्या आणि मित्राच्या सहीनं कागदावर घेतलं. काजळीचे आणि त्या घोड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, भोवऱ्यांचे फोटो, दोन्ही वाड्यांची गावं, फळल्याचा महिना. शिंगरू सहा महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही. जन्मल्यावर आठवड्याभरात फोटो पाठवायचा. आई-बाप-शिंगरू तिघांचे मुळासकट उपटलेले आयाळीचे केस कागदी पाकिटात घालून नाव टाकून ठेवायचे, पुढं कधी डीएनए तपासणी करायची म्हणली तर मूळ नसलेला कापलेला केस चालत नाही. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर आणि डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला घेतल्यावरच टेम्पोत भरायचं, टेम्पोत खाली भुसा. मादी झाली तर ३५ हजार, विसार पाच हजार आत्ता. नर झाला तर विसार पुढच्या शिंगराला लागू.

आखाड संपता संपता फोटो आला. नर. काळसर कुम्मेद, चारी पाय काळे, कान सरळ. पोरगी हट्ट करून बसलीय की हाच पाहिजे, मित्र म्हणतोय शिंगरं घ्यायची तर मादीच लागेल, मावशीचं म्हणणं असं की हा घोडा वाड्यावरच ठेवायचा, गेलेल्याच्या जागी, आणि मी मावशीच्या बाजूनं आहे.